अक्षर एक, भूमिका दोन

बीजगणित नुकतेच सुरू झालेल्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. फळ्यावर आपण लिहितो, '(अ + ब) चा वर्ग = अ चा वर्ग + २अब + ब चा वर्ग'. मागच्या बाकावरून हात वर होतो, "सर, यातल्या अ ची किंमत किती?" वर्गात थोडे हसू पिकते. पण विचारणाऱ्याचे फारसे चुकलेले नसते. आदल्याच तासाला आपण '२क्ष + ३ = ११' हे समीकरण सोडवून क्ष ची किंमत ४ काढलेली असते. काल अक्षराची किंमत काढायची होती, मग आज का नाही?

उत्तर आपल्याला ठाऊक असते, पण ते मोठ्याने क्वचितच सांगितले जाते. कालचा क्ष हा 'अज्ञात' होता. त्याला एक ठरावीक किंमत होती, ती फक्त आपल्याला माहीत नव्हती. आजचा अ हा 'कोणताही' आहे. त्याच्या जागी ५ घाला, उणे ७ घाला, विधान खरेच राहणार. अक्षर तेच, भूमिका दोन.

या दोन भूमिकांची गल्लत केवळ आठवीच्या वर्गात होते असे नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकाच्या भाषा रचणाऱ्या अत्यंत हुशार मंडळींना ती सोडवायला कित्येक वर्षे लागली. ही त्याच खटपटीची हकिकत आहे. तिच्यातले दोन प्रमुख नायक आधी शाळेत शिकवत होते, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष आवडावी.

स्वर आणि व्यंजने

अज्ञात राशीला नाव देण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील 'बीजगणित' ग्रंथात पहिली अज्ञात राशी 'यावत्तावत्' आणि पुढच्या राशी कालक, नीलक, पीतक अशा रंगांच्या नावांनी येतात. ज्ञात संख्येपुढे 'रूप' या शब्दाचे 'रू' हे आद्याक्षर लिहीत. म्हणजे अज्ञाताला नाव होते, पण 'कोणतीही एक संख्या' यासाठी वेगळे चिन्ह नव्हते.

ते चिन्ह फ्रान्सच्या फ्रान्स्वा व्हिएत याने १५९१ साली पद्धतशीरपणे वापरले. त्याने अज्ञात राशींसाठी स्वर आणि दिलेल्या राशींसाठी व्यंजने घेतली. हा बदल दिसायला किरकोळ, पण परिणामाने मोठा. त्यामुळे एकेका समीकरणाऐवजी समीकरणांच्या संपूर्ण कुळाबद्दल एकदाच बोलता येऊ लागले. वर्गसमीकरणाचे सूत्र आज आपण एकदाच पाठ करतो ते यामुळेच.

प्रकार कशासाठी?

आता संगणकाकडे वळू. संगणकाच्या स्मृतीत शून्य आणि एक यांखेरीज काही नसते. आस्की या संकेतानुसार ६५ या संख्येचे जे शून्य-एक असतात, तेच इंग्रजी मोठ्या 'ए' अक्षराचेही असतात. ती संख्या आहे की अक्षर, हे स्मृतीकडे पाहून कळत नाही. ते प्रोग्रॅमने लक्षात ठेवायचे. पगाराची रक्कम समजून जर प्रोग्रॅमने एखाद्याचे नाव बेरजेत धरले, तर यंत्र तक्रार करणार नाही. निमूटपणे चुकीची बेरीज देईल.

म्हणून संगणकभाषांत प्रत्येक वस्तूला 'प्रकार' जोडला जातो, ज्याला इंग्रजीत टाइप म्हणतात: पूर्णांक, अपूर्णांक, अक्षर, यादी इत्यादी. १९५७ च्या फोरट्रान भाषेत तर चलाच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरूनच प्रकार ठरे. नाव आय ते एन यांपैकी अक्षराने सुरू झाले की तो पूर्णांक. प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर हे प्रकार जुळतात की नाही ते तपासू शकतो. चूक कारखान्यातच पकडली जाते, ग्राहकाच्या हाती जात नाही.

प्रकारांची मूळ कल्पना मात्र संगणकाहून जुनी आहे. 'जे संच स्वतःचे घटक नाहीत अशा सर्वांचा संच' स्वतःचा घटक आहे की नाही, या बर्ट्रांड रसेल यांच्या १९०१ च्या कोड्याने गणिताचा पायाच हादरवला होता. त्यावर उपाय म्हणून रसेल यांनी १९०८ साली प्रकारांचा सिद्धांत मांडला, आणि अलोन्झो चर्च यांनी १९४० मध्ये त्याला सुटसुटीत रूप दिले. कोणत्या वस्तूला काय लागू करायचे यावर बंधन घातले की विसंगती टळते, हा त्याचा गाभा.

बंधनाचा जाच

पण बंधनाला किंमत असते. समजा, यादी उलटी करण्याचा प्रोग्रॅम लिहायचा आहे. पहिला घटक शेवटी, दुसरा त्याच्या आधी, असे करत जायचे. या कृतीत घटक काय आहेत याचा संबंधच नाही. हजेरीपटावरची नावे असोत की गुण, कृती तीच. परंतु प्रत्येक वस्तूचा प्रकार लिहिलाच पाहिजे असा आग्रह धरणारा कंपायलर विचारतो, 'यादी कशाची?' पूर्णांकांची म्हटले की नावांसाठी तोच मजकूर पुन्हा लिहा.

हा जाच मी स्वतः अनुभवला आहे. पीएच.डी.च्या काळात माझ्या प्रोग्रॅममध्ये आकडे चढत्या क्रमाने लावणारा भाग दोनदा होता, एकदा पूर्णांकांसाठी आणि एकदा दशांश संख्यांसाठी. एकात चूक सापडली, ती दुरुस्त केली, आणि दुसरा विसरलो. पुढचा आठवडा आलेखातला एक विचित्र उंचवटा पदार्थाचा गुणधर्म आहे असे समजून त्याची कारणे शोधण्यात गेला. तो पदार्थाचा गुणधर्म नव्हता, माझ्या आळसाचा होता.

इथे नेमके व्हिएतचे व्यंजन हवे होते. 'अल्फांची यादी घ्या, अल्फांची यादी द्या. अल्फा कोणताही प्रकार असो.' संख्येच्या जागी अक्षर आले तसे आता प्रकाराच्याच जागी अक्षर.

पहिले शिक्षक: स्ट्रेची

ही गोष्ट स्वच्छ शब्दांत मांडली ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी. हे गृहस्थ इंग्लंडमधील हॅरो येथील शाळेत शिकवत होते. १९५१ च्या सुमारास, नोकरी सांभाळून, त्यांनी ड्राफ्ट्स या पटावरच्या खेळाचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून ते संगणकाच्या जगात आले. पुढे ऑक्सफर्डमध्ये त्यांनी संगणकभाषांच्या अभ्यासाचा गट उभारला.

ऑगस्ट १९६७ मध्ये कोपनहेगनला भरलेल्या उन्हाळी वर्गात त्यांनी व्याख्याने दिली. त्यांत त्यांनी बहुरूपतेचे दोन भेद सांगितले. बेरजेचे चिन्ह पूर्णांकांनाही चालते आणि दशांश संख्यांनाही. पण आत यंत्र दोन निरनिराळ्या कृती करते, नाव तेवढे एक. ही प्रासंगिक बहुरूपता. याउलट, यादीतल्या प्रत्येक घटकावर एखादे फलन लावून नवी यादी करण्याची कृती सर्व प्रकारांसाठी खरोखरच एक असते. फलन अल्फापासून बीटा बनवत असेल, तर अल्फांच्या यादीची बीटांची यादी होते. ही प्राचलिक बहुरूपता. प्रकारांच्या जागी अल्फा-बीटा लिहिण्याची रीत त्या व्याख्यानांत स्पष्ट दिसते.

स्ट्रेची १९७५ साली वारले. ही व्याख्याने तोवर टिपणांच्या रूपाने हातोहात फिरत होती. ती रीतसर छापून आली २००० साली. न छापलेल्या टिपणांनी एखादा विषय इतका घडवावा, असे क्वचितच घडते.

दुसरे शिक्षक: मिल्नर

रॉबिन मिल्नर यांनीही सुरुवातीला काही काळ शाळेत शिकवले, मग फेरांटी या संगणक कंपनीत प्रोग्रॅम लिहिले. पीएच.डी. त्यांनी कधीच केली नाही. १९७३ मध्ये ते एडिंबरो विद्यापीठात आले. तिथे त्यांचा गट गणिती सिद्धता तपासणारी एलसीएफ नावाची प्रणाली बांधत होता. सिद्धतेचे डावपेच लिहिण्यासाठी जी भाषा केली, तिचे नाव एमएल.

त्यांची युक्ती सुंदर होती. 'प्रमेय' हाच एक प्रकार मानायचा, आणि त्या प्रकारची वस्तू केवळ तर्कशास्त्राच्या मान्य नियमांनीच तयार होऊ शकेल अशी व्यवस्था करायची. मग एखाद्या वस्तूचा प्रकार 'प्रमेय' आहे, एवढ्यावरून ती सिद्ध झालेली आहे याची खात्री. अर्थात सगळी भिस्त आता प्रकारांच्या तपासणीवर आली. तिच्यात बारीकशी फट राहिली, तरी खोटे विधान 'प्रमेय' म्हणून बाहेर पडेल. बहुरूपता तर हवी, पण फट नको.

शिवाय प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी प्रकार लिहीत बसू नये. कंपायलरनेच ते शोधून काढावेत, अशीही मिल्नर यांची इच्छा होती. हे कसे करायचे ते त्यांनी १९७८ च्या निबंधात दाखवले. एक उदाहरण आपण हाताने सोडवू. ते वर्गातही करता येते.

'दोनदा' नावाचे फलन घेऊ. त्याला एक फलन फ आणि एक वस्तू क्ष दिली की ते फ(फ(क्ष)) देते. प्रकार ठाऊक नाहीत, म्हणून त्यांना अक्षरे देऊ. क्ष चा प्रकार अल्फा. फ हे अल्फा घेऊन बीटा देते असे धरू. मग फ(क्ष) चा प्रकार बीटा. पण हीच वस्तू आपण पुन्हा फ ला देत आहोत, आणि फ तर अल्फाच स्वीकारते. म्हणून बीटा = अल्फा. समीकरणे संपली. निष्कर्ष असा की, 'दोनदा' हे 'अल्फापासून अल्फा' असे फलन आणि एक अल्फा घेते व अल्फा देते.

इथवर अल्फा आणि बीटा हे आपल्या २क्ष + ३ = ११ मधल्या क्ष सारखे, म्हणजे अज्ञात होते. अशी समीकरणे सोडवण्याची यांत्रिक रीत १९६५ मध्ये ॲलन रॉबिन्सन यांनी दिलेलीच होती. समीकरणाला उत्तर नसेल तर प्रोग्रॅम नामंजूर. उदाहरणार्थ, क्ष ला क्ष च लावा असे कोणी लिहिले, तर 'अल्फा = अल्फापासून बीटा' असे समीकरण येते. त्यात अल्फाच्या पोटात अल्फाच येत राहतो. त्याला सान्त उत्तर नाही. स्वतःला स्वतःच लावण्याची ही मनाई म्हणजे रसेल यांच्या उपायाचीच सावली.

पण 'दोनदा' मध्ये शेवटी अल्फा कशानेच बांधला गेला नाही. त्याच्यावर कोणतीही अट उरली नाही. आणि इथे भूमिकाबदल होतो: व्याख्या पूर्ण करून तिला नाव दिले की हा न बांधलेला अज्ञात 'कोणताही' बनतो. मिल्नर यांनी अशा अक्षरांना 'सार्विक' चल म्हटले. यापुढे 'दोनदा' जितक्या वेळा वापरू तितक्या वेळा अल्फाची नवी प्रत मिळते. एकदा पूर्णांक, एकदा यादी.

मात्र प्रत्येक अक्षराला ही बढती मिळत नाही. व्याख्या चालू असताना तिला बाहेरून मिळणारा फ हा अजून अज्ञातच असतो. त्याच व्याख्येत फ एकदा संख्येला आणि एकदा नावाला लावू म्हटले, तर चालणार नाही. एका समीकरणात क्ष डावीकडे ४ आणि उजवीकडे ५ धरता येत नाही, तसेच हे. नित्यसमानतेत मात्र आज अ = ४ आणि उद्या अ = ५ घेण्याची मोकळीक असते.

गंमत म्हणजे याचा बराच भाग तर्कशास्त्रज्ञ रॉजर हिंडली यांनी १९६९ मध्येच, संगणकाचा विचार न करता, सिद्ध केला होता. मिल्नर यांना तो स्वतंत्रपणे पुन्हा सापडला. लुईश दामास या त्यांच्या पोर्तुगीज विद्यार्थ्याबरोबरच्या १९८२ च्या निबंधात ही रीत नेहमी सर्वांत व्यापक उत्तर देते हे दाखवले गेले. म्हणून आज तिला या तिघांच्या नावांनी ओळखतात.

बदलत्या पेटीची अडचण

तरीही एक फट उरली होती. गणितातल्या वस्तू बदलत नाहीत. संगणकातल्या पेट्यांत मात्र वस्तू ठेवता येतात, काढता येतात. समजा, एका नव्या पेटीत रिकामी यादी ठेवली. यादी कशाची? रिकामीच आहे, म्हणजे अल्फांची. अल्फावर काही अट नाही, तर करा त्याला सार्विक! आता एक ओळ म्हणते, 'अल्फा म्हणजे पूर्णांक' आणि पेटीत ५ असलेली यादी ठेवते. पुढची ओळ म्हणते, 'अल्फा म्हणजे नाव' आणि तीच यादी काढून ५ ला नाव समजून वाचते. दोन्ही ओळी नियमाप्रमाणे बरोबर, आणि प्रोग्रॅम कोसळतो.

चूक कुठे झाली? पेटी एकच आहे. तिच्यात काय राहणार हे अजून ठरलेले नाही, एवढेच. 'अजून ठरलेले नाही' याचा अर्थ आपण 'काहीही चालेल' असा घेतला. अज्ञाताला सार्विक मानले. आठवीच्या मुलाने सार्विकाला अज्ञात मानले होते. इथे नेमके उलटे झाले.

उपाय शोधण्यात बरीच वर्षे गेली. मॅड्स टोफ्टे यांनी पेट्यांशी संबंध येणाऱ्या प्रकार-चलांचा वेगळा वर्गच केला, आणि १९९० च्या स्टँडर्ड एमएलमध्ये तो आला. तो निर्दोष होता, पण शिकायला किचकट. १९९५ मध्ये अँड्र्यू राइट यांनी साधा नियम सुचवला: नाव देताना उजवीकडे तयार वस्तू असेल तरच अक्षराला बढती; उजवीकडे काही कृती व्हायची असेल, जसे नवी पेटी बनवणे, तर बढती नाही. हा नियम काही निरुपद्रवी प्रोग्रॅमही अडवतो. परंतु त्यांनी आधीचे खरेखुरे प्रोग्रॅम तपासून दाखवले की व्यवहारात फारच थोडे बदलावे लागतात. १९९७ च्या सुधारित स्टँडर्ड एमएलने हा नियम स्वीकारला.

अज्ञानातून ज्ञान

दरम्यान, 'कोणत्याही प्रकारासाठी' हे शब्द भाषेतच उघडपणे लिहायची वाट दोघांना स्वतंत्रपणे सापडली होती: पॅरिसमध्ये तर्कशास्त्राकडून आलेले झाँ-इव्ह जिरार यांना १९७२ मध्ये, आणि अमेरिकेत प्रोग्रॅमकडून आलेले जॉन रेनॉल्ड्स यांना १९७४ मध्ये. ही पद्धत मिल्नर यांच्याहून समर्थ आहे, पण तिच्यात प्रकार आपोआप शोधण्याची रीत असूच शकत नाही, हे जो वेल्स यांनी १९९४ मध्ये सिद्ध केले.

रेनॉल्ड्स यांचा १९८३ चा विचार, जो फिलिप वॉडलर यांनी १९८९ मध्ये पुढे नेला, मला फार आवडतो. समजा, एक फलन कोणत्याही प्रकारच्या यादीपासून त्याच प्रकारची यादी देते. त्याचा मजकूर मला दाखवू नका. तरी मी सांगतो की ते घटकांची अदलाबदल करेल, काही गाळेल, काही दोनदा घेईल. पण नवा घटक निर्माण करू शकणार नाही, किंवा घटक पाहून निर्णयही घेऊ शकणार नाही. कारण अल्फा म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही! फलनाला जितके कमी माहीत, तितके त्याच्याबद्दल आपल्याला जास्त माहीत.

प्रतिकृतीत काय राहून गेले?

१९९६ मध्ये जावा ही भाषा आली तेव्हा तिच्यात प्रकार-चले नव्हती. त्यांची उणीव भरण्यासाठी 'नावांची रांग ही वस्तूंची रांगच होय' असे मानले गेले. ऐकायला रास्त, पण वस्तूंच्या रांगेत संख्या ठेवता येते, नावांच्या रांगेत नाही. पुन्हा तीच बदलत्या पेटीची अडचण. म्हणून जावाला रांगेत वस्तू ठेवताना प्रोग्रॅम चालू असतानाच तपासणी करावी लागते.

मार्टिन ओडर्स्की आणि वॉडलर यांनी १९९७ मध्ये पिझ्झा नावाच्या विस्तारात जावाला प्रकार-चले जोडून दाखवली. १९९८ मध्ये त्याचे सुधारित रूप आले आणि २००४ च्या जावा ५ मध्ये ती अधिकृत झाली. एवढी मोठी भाषा तपासायची कशी? त्यासाठी १९९९ मध्ये इगाराशी, पिअर्स आणि वॉडलर यांनी जावाची चिमुकली प्रतिकृती केली. तिच्यात मोजकेच घटक ठेवून बाकीचे गाळले आणि तिची निर्दोषता गणिताने सिद्ध केली. भौतिकीत आपण घर्षणरहित उतरण घेतो, तसेच हे.

आणि उतरणीबाबत होते तेच झाले. २०१६ मध्ये नादा अमिन आणि रॉस टेट यांनी दाखवले की प्रत्यक्षातल्या जावाच्या प्रकारपद्धतीत फट आहे. एकही सक्तीचे रूपांतर न लिहिता, कंपायलरला मान्य होईल असा छोटासा प्रोग्रॅम त्यांनी दिला, जो संख्येला नाव म्हणून वापरू पाहतो. चालू असतानाची तपासणी त्याला थांबवते, म्हणून हाहाकार झाला नाही. पण बारा वर्षे ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. फटीचे मूळ होते 'नल' या रिकाम्या संदर्भात, जो कोणत्याही वस्तूच्या जागी चालतो. सोयीसाठी तो प्रतिकृतींतून गाळला जात असे. सिद्धता चुकीची नव्हती. ती ज्या वस्तूबद्दल होती ती वस्तू पुरती जावा नव्हती.

गूगलची गो भाषा २००९ मध्ये जाहीर झाली, आणि तिला प्रकार-चले मार्च २०२२ मध्ये मिळाली. आधी प्रतिकृती, मग भाषा, हा क्रम तिथे जाणीवपूर्वक पाळला गेला. अनुभवाचे शहाणपण म्हणतात ते हेच.

पुन्हा वर्गात

पुढच्या वेळी कोणी अ ची किंमत विचारली, तर एक करून पाहावे. फळ्यावर दोन रकाने आखावेत, 'शोधायचे' आणि 'कोणतेही'. पुस्तकातली दहा सूत्रे आणि समीकरणे घेऊन त्यांतील प्रत्येक अक्षर कोणत्या रकान्यात बसते ते मुलांनाच ठरवू द्यावे. 'वर्तुळाचे क्षेत्रफळ' या सूत्रातली त्रिज्या? 'क्ष + य = १०' मधला क्ष? वाद होतील, आणि ते व्हावेत. एखादी मुलगी म्हणेल की क्ष अजून ठरलेला नाही, दुसरी म्हणेल काहीही चालेल. त्या दोघींना आवर्जून सांगावे की या दोन वाक्यांतला फरक समजायला एडिंबरोतल्या लोकांनाही वेळ लागला होता.